कोल्हापूरचे एक उद्योगी लेखक : कै. भालजी पेंढारकर

मुलाने नोकरी धरावी की धंद्यात पडावे, हा प्रश्न आपल्या सभासद कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला जात आला आहे. नोकरीच्या बाजूने बोलणारांची संख्या बहुधा अधिक असते. धंद्याची बाजू मांडणारा असलाच, तर तो जी उदाहरणे देतो ती लक्षाधीश झालेल्या गृहस्थांचीच असतात. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम निराळे उदाहरण निवडले आहे. अर्धशतकाहून अधिक काळ ज्यांनी धंदा केला, शेकडो माणसांची चूल ज्यांच्या आवारावर पेटली, एकदा सर्वस्व जळाल्यावर ज्यांनी त्याच जागी पुन्हा काम उभे केले, आणि ज्या आवारात हे सारे घडले ते आवारही शेवटी ज्यांच्या नावावर राहिले नाही, अशा एका कोल्हापूरकराचे हे चरित्र आहे. लेखणी हेच त्यांचे मूळ भांडवल होते. चित्रपटनिर्माते भालचंद्र गोपाळ ऊर्फ भालजी पेंढारकर यांचे नाव आपणांपैकी कोणास अपरिचित असेल असे वाटत नाही. परंतु त्यांच्याकडे कारखानदार या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही, म्हणून हा प्रयत्न.

भालजींचा जन्म १८९८ साली कोल्हापुरात झाला. वडील गोपाळराव हे डॉक्टर. वडीलबंधू बाबूराव पेंढारकर हे पुढे मराठी रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत नामांकित नट म्हणून गाजले. मास्टर विनायक आणि व्ही. शांताराम हेही याच आप्तपरिवारातले. एका गावातील एका गोतावळ्यातून चित्रपटसृष्टीचे चार आधारस्तंभ निघावेत, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. गावात तसे वातावरण होते, आणि घरात तसे वारे होते.

शाळेच्या अभ्यासात भालजींचे मन रमले नाही. पुण्यास ‘केसरी’च्या कचेरीत त्यांनी काही काळ काम केले, काही दिवस लष्करातही काढले. नंतर नाटके लिहिली. वरवर पाहता हा सारा उडाणटप्पूपणा वाटेल, आणि त्या काळच्या वडीलधाऱ्या मंडळींस तो तसा वाटलाही असेल. परंतु आम्हांस असे दिसते की, भालजींच्या पुढील आयुष्यातील बहुतेक सर्व सामग्री या भटकंतीतच गोळा झाली. वृत्तपत्राच्या कचेरीत वाक्य कसे नेमके व कसे जहाल असावे हे कळते. लष्करात शिस्त आणि माणसांचा जथा सांभाळणे कळते. नाटकात प्रेक्षकाची नाडी कळते. या तिन्ही गोष्टी पुढे त्यांच्या कामी आल्या. चौथी गोष्ट, म्हणजे पैसा सांभाळणे, ती मात्र यांपैकी कोठेच शिकावयास मिळत नव्हती.

कोल्हापुरात चित्रपटाचा धंदा कसा रुजला, हे दोन शब्दांत सांगणे अवश्य आहे. बाबूराव मिस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राची वाट न पाहता स्वतःच चित्रणयंत्र तयार केले आणि १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. १९२५ चा ‘सावकारी पाश’ तर शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचा होता, आणि त्या काळच्या देवादिकांच्या चित्रपटांत तो अगदी वेगळा उठून दिसला. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कलावंत मंडळी या गावात आधीपासून जमलेली होती. सुतार, लोहार, चितारी, शिंपी, मल्ल, घोडेस्वार हे सारे हाताशी होते. चित्रपट म्हणजे अखेर या सर्व कारागिरांची मोट बांधणे होय. मुंबईत पैसा होता, पण अशी बांधलेली मोट कोल्हापुरासारखी सहजासहजी मिळत नव्हती.

याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ साली येथेच तयार झाला. पण पुढील वर्षी प्रभातने आपला सारा संसार पुण्यास हलविला. वीज, प्रयोगशाळा, रेल्वेची सोय, मुंबईची जवळीक अशी अनेक कारणे त्यामागे होती, आणि धंद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच ठरला. कोल्हापुरास मात्र तो लागला.

भालजी यापूर्वीच या धंद्यात शिरले होते. १९२६ साली त्यांनी ‘वंदे मातरम् आश्रम’ हा मूकपट काढला. सरकारी शिक्षणपद्धतीवर त्यात टीका होती. परीक्षकांनी त्यास पुनःपुन्हा कात्री लावली, काही काळ बंदीही घातली, आणि जो चित्रपट अखेर लोकांपुढे आला तो छिन्नविच्छिन्न होऊनच. धंद्यात नवा उतरलेला कोणीही मनुष्य या अनुभवाने शहाणा झाला असता आणि पुढचा चित्रपट निरुपद्रवी विषयावर काढता. भालजींनी विषय बदलला नाही. विषय झाकण्याची रीत तेवढी शिकून घेतली. १९३४ च्या ‘आकाशवाणी’त कंसाच्या जुलमाखाली पिचलेली मथुरा आहे. प्रेक्षकांस कंस कोण हे सांगावे लागत नव्हते. पुराणातील कथेवर सरकारास बोट ठेवता येत नव्हते.

येथे मूकपटाच्या लेखनाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूकपटात लेखकाचे काम म्हणजे दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या पाट्या. प्रेक्षकांपैकी बहुतेकांस वाचता येत नसे; ज्यास येई तो शेजाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवी. तेव्हा वाक्य आखूड हवे, पहिल्या वाचनात कळणारे हवे, आणि ऐकताना कानास गोड लागणारे हवे. बोलपट आल्यावर संवाद लांबले. तरीही भालजींच्या उत्तम संवादांत ही जुनी सवय टिकून राहिलेली आढळते. त्यांचे पात्र जेव्हा थोडक्यात बोलते तेव्हा ते मनात राहते; जेव्हा ते नाटकातल्याप्रमाणे लांबलचक बोलू लागते तेव्हा, आमच्या नम्र मते, भालजींतील नाटककार भालजींतील चित्रपटकारावर कुरघोडी करतो.

बोलपटांत भालजींस मोठे यश मिळाले ते १९३२ साली. दादासाहेब तोरणे यांच्या पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी ‘श्यामसुंदर’ दिग्दर्शित केला. बालवयातील शाहू मोडक श्रीकृष्ण झाले. शांता आपटे राधा झाल्या. मुंबईच्या वेस्ट एंड चित्रगृहात हा चित्रपट सलग पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. रौप्यमहोत्सव हा शब्द चित्रपटांच्या जाहिरातींत पुढे इतका स्वस्त झाला, त्याचा हा हिंदुस्थानातील पहिला मान. भालजी त्या वेळी चौतिशीत होते, आणि मुंबई-पुण्यास त्यांस मागेल तो मोबदला मिळण्यासारखी स्थिती होती.

अशा वेळी ते कोल्हापुरास परतले. प्रभात गेल्याने रिकामी झालेली जागा भरून काढण्यासाठी १९३३ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन ही संस्था निघाली. ‘आकाशवाणी’ हा तिचा पहिला चित्रपट भालजींनी दिला. १९३५ साली ‘कालियामर्दन’ दिला. मास्टर विनायक यांस दिग्दर्शनाची संधी याच संस्थेत ‘विलासी ईश्वर’च्या निमित्ताने मिळाली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी आपला एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ साली याच आवारात पुरा केला. ‘आकाशवाणी’च्या नायिका लीलाबाई या पुढे भालजींच्या सहधर्मचारिणी झाल्या, आणि आवारातील माणसांची उस्तवार करण्याचा अर्धा भार त्यांनी उचलला.

संस्थानी आश्रयावर चालणाऱ्या धंद्यास एक अडचण असते. आश्रयदात्याची मर्जी असते तोवर भांडवलाची चिंता नसते, पण मालकीही नसते. विनायक, बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक हे १९३६ साली बाहेर पडले आणि त्यांनी हंस पिक्चर्स काढली. भालजींचेही मधले काही दिवस पुण्याच्या वाऱ्या करण्यात गेले. ‘कान्होपात्रा’, ‘नेताजी पालकर’, ‘अलख निरंजन’, ‘थोरातांची कमळा’ हे चित्रपट त्यांनी १९३७ ते १९४१ या अवधीत दिले. त्यांतील ‘नेताजी पालकर’ व ‘थोरातांची कमळा’ यांनी मराठी ऐतिहासिक चित्रपटाची एक ठरीव घडण बसविली : गड, मावळे, निष्ठा, एखादी करारी स्त्री, आणि शेवटास बलिदान. ही घडण पुढे अनेकांनी उचलली. हे चित्रपट इतिहास म्हणून पाहू नयेत, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. बखर, पोवाडा आणि आजीच्या तोंडच्या गोष्टी यांच्या मिश्रणातून ते सिद्ध झाले आहेत. पण चाळीस सालच्या खेड्यापाड्यांतील माणसास आपला इतिहास भेटला तो ग्रंथालयात नव्हे, तंबूतल्या पडद्यावर. आणि तो त्याच्याच बोलीत भेटला, हे श्रेय भालजींचे.

आता आम्ही या चरित्राच्या मुख्य भागाकडे वळतो. १९४० नंतरच्या काही वर्षांत भालजींनी कोल्हापूर सिनेटोनचे आवार स्वतः घेतले. तेच जयप्रभा स्टुडिओ. लेखक हा मालक झाला. ज्यांनी कधी कारखाना चालविला नाही अशा वाचकांसाठी या धंद्याचे अर्थकारण थोडे उलगडून सांगितले पाहिजे. चित्रपटाचा पैसा आधी जातो आणि वर्षा-दीड वर्षाने परत येतो. आला तर येतो. कथा कागदावर असताना वितरकाकडून आगाऊ रक्कम उचलावयाची, तीवर देखावे उभारावयाचे, ती संपली की सावकाराकडे जावयाचे, आणि चित्रपट चालला की पहिला हप्ता सावकाराचा, दुसरा वितरकाचा. मालकाच्या हाती उरते ते पुढच्या चित्रपटाची पहिली उचल करण्याची पत. त्यातच स्टुडिओ असला म्हणजे चित्रण चालू असो वा नसो, महिन्याच्या महिन्यास पगार वाटावेच लागतात. त्या काळी नट, सुतार, रंगारी, शिंपी, प्रकाशयोजना करणारे सारे मासिक पगारावर असत. पाऊस लागला, बाहेरचे चित्रण थांबले, म्हणून कोणाची चूल थांबत नाही.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक संकट उभे राहिले. कच्ची फिल्म परदेशातून येई. सरकारने १९४२ साली चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा घातली आणि १९४३ पासून फिल्मसाठी परवाना सक्तीचा केला. जो परवाना मिळे त्याचा उपयोग मोठ्या बाजारपेठेसाठी करावा, असा विचार साहजिकच बळावला. मराठी चित्रपटांची निर्मिती रोडावली. भालजींनीही हिंदीकडे मोर्चा वळविला. प्रभाकर पिक्चर्स या नावाने त्यांनी १९४४ साली ‘महारथी कर्ण’ काढला. पृथ्वीराज कपूर कर्ण झाले. दुर्गा खोटे, शाहू मोडक ही मंडळी त्यात होती. १९४६ च्या ‘वाल्मीकि’त पृथ्वीराज वाल्मीकि झाले आणि त्यांचे तरुण चिरंजीव राज कपूर नारद झाले. मुंबईचे नट चित्रणासाठी कोल्हापुरास येऊन राहू लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. प्रभातने गाव सोडले तेव्हा जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते भालजींनी दहा वर्षांत करून दाखविले.

याच आवारात गावातील नवी माणसे घडत होती. चंद्रकांत व सूर्यकांत हे मांढरे बंधू कोल्हापूरचेच. १९४३ च्या ‘बहिर्जी नाईक’मध्ये सूर्यकांत बालशिवाजी झाले होते. चिकोडी भागातील एक मुलगी जयप्रभेत कामास आली. तिला धड प्रमाण मराठी बोलता येत नसे. भालजींनी तिला भाषा शिकविली आणि सुलोचना हे नाव दिले. त्याच सुलोचनाबाईंनी पुढे अर्धशतकभर मराठी व हिंदी पडद्यावर आईची भूमिका केली आणि २००९ सालचा ‘महाराष्ट्रभूषण’ हा सन्मान मिळविला. आवारात भालजींस सारे ‘बाबा’ म्हणत. या संबोधनात आदर होता, तसा व्यवहाराचा घोटाळाही होता, असे आम्हांस वाटते. मालकास ‘बाबा’ म्हणू लागल्यावर मंदीच्या दिवसांत माणसे कमी करणे मालकासच जड जाते.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रातील ब्राह्मण होता. त्यानंतरच्या दिवसांत पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रात जे घडले त्याची आठवण आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांच्या घरात आजही कुजबुजीच्या स्वरात का होईना, जिवंत आहे. कोणाचा वाडा गेला, कोणाचे दुकान गेले, कोणी गाव सोडून शहरात आले ते परत गेलेच नाहीत. भालजी हे हिंदुत्वाच्या विचाराचे होते आणि तो विचार ते झाकून ठेवीत नसत. जमावाने जयप्रभा स्टुडिओ पेटविला.

त्या काळची फिल्म ज्या द्रव्याची असे ते कापसापासून रासायनिक प्रक्रियेने केलेले आणि अत्यंत ज्वालाग्राही असे. एकदा ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. त्यामुळे स्टुडिओस लागलेली आग ही साध्या घरास लागलेल्या आगीसारखी नसते. देखावे, पोशाख, यंत्रे यांच्यासह ‘मीठभाकर’ हा हाती असलेला चित्रपटही जळून गेला. चित्रपट जळणे म्हणजे आधी सांगितलेल्या साखळीतील मधला दुवा तुटणे. उचललेली रक्कम खर्च झालेली, परतफेडीचे साधन राख झालेले, आणि पगारावरची माणसे दारात उभी.

भालजींचे वय तेव्हा पन्नास. मुंबईस जाऊन कोणाच्याही कंपनीत दिग्दर्शक म्हणून त्यांस मानाने काम मिळाले असते. गाव सोडण्यास सबळ कारण होते, आणि सोडले असते तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी कर्ज काढले, त्याच जागी स्टुडिओ उभा केला, आणि जळालेला ‘मीठभाकर’ पहिल्यापासून पुन्हा चित्रित केला. १९४९ साली तो पडद्यावर आला. त्याच वर्षी ‘शिलंगणाचे सोने’ आला. पुढच्या वर्षी ‘मी दारू सोडली’. १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ हा भव्य चित्रपट त्यांनी मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. चंद्रकांत शिवाजी महाराज झाले, पृथ्वीराज मिर्झाराजे जयसिंग झाले, संगीत सी. रामचंद्र यांचे होते. १९५६ साली ‘पावनखिंड’ आला.

या चित्रपटांची नावे पुन्हा एकदा वाचून पाहावीत अशी वाचकांस विनंती आहे. ज्याचे घरदार जळाले त्या लेखकाच्या लेखणीतून तक्रार उतरेल, कडवटपणा उतरेल, अशी आपली अपेक्षा असते. भालजींनी ज्यांच्या कथा सांगितल्या ते मावळे, शेतकरी, कष्टकरी, म्हणजे ज्या समाजांतून तो जमाव उठला होता त्याच समाजांतली माणसे होती. आणि त्यांच्या चित्रपटांतून ती नायक म्हणूनच आली. त्यांची भूमिका करणारे नटही त्याच मातीतले. यास क्षमा म्हणावे, हट्ट म्हणावे, की लेखकास आपला विषय सोडवत नाही म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे. त्यांच्या राजकीय मतांशी ज्यांचे पटत नसे, आणि आमच्यातही असे अनेक आहेत, त्यांनासुद्धा ही गोष्ट नाकारता येणार नाही.

कर्ज मात्र कोणाच्या मनाच्या मोठेपणाकडे पाहत नाही. ‘छत्रपती शिवाजी’सारखे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले तरी त्यांचा खर्चही तसाच होता. मासिक पगाराची जुनी पद्धत युद्धानंतर सर्वत्र मोडत चालली होती. नट चित्रपटागणिक करार करू लागले होते, आणि बांधलेली माणसे पोसणारा स्टुडिओ हा पांढरा हत्ती ठरू लागला होता. प्रभातचा पुण्यातील स्टुडिओही १९५० च्या दशकात बंद पडला. जयप्रभेवरचा बोजा वाढत गेला आणि दशकाच्या अखेरीस स्टुडिओची मालकी भालजींकडून गेली. तो घेतला लता मंगेशकर यांनी. मास्टर दीनानाथांच्या मृत्यूनंतरच्या हलाखीच्या दिवसांत लताबाईंनी मास्टर विनायकांच्या कंपनीत कोल्हापुरात कामे केली होती. भालजींस त्या ‘बाबा’ म्हणत. परक्याच्या हाती जाऊन मोडकळीस येण्यापेक्षा स्टुडिओ त्यांच्या नावावर गेला, आणि भालजी तेथेच काम करीत राहिले.

मालकी गेल्यावर मनुष्य खचतो, असे सामान्यतः दिसते. भालजींचे उलट झाले. त्यांच्या उत्तरायुष्यातील तीन-चार उत्तम चित्रपट या नंतरचे आहेत. १९६३ चा ‘मोहित्यांची मंजुळा’, १९६४ चा ‘मराठा तितुका मेळवावा’, १९६५ चा ‘साधी माणसं’ आणि १९६९ चा ‘तांबडी माती’. या चारही चित्रपटांस ‘आनंदघन’ या नावाच्या संगीतकाराने संगीत दिले. पुढे राज्य पुरस्कारांच्या समारंभात या आनंदघनांस व्यासपीठावर बोलाविण्याची वेळ आली, तेव्हा प्रेक्षकांतून उठल्या त्या लताबाई. भालजीही टोपणनावाचे शौकीन होते. ‘योगेश’ या नावाने त्यांनी गीते लिहिली, आणि ती आजही रेडिओवर लागली की अनेकांस कवी कोण हे ठाऊक नसते.

‘साधी माणसं’ची कथा एका लोहार दांपत्याची. गावात ऐरणीवर कष्ट करणारा हा सरळ मनुष्य शहरात येतो आणि शहरी लबाडीत सापडतो. जगदीश खेबुडकरांची गीते, सूर्यकांत व जयश्री गडकर यांचा अभिनय, आणि भालजींचा आखूड, खणखणीत संवाद. आमच्या मते त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट हाच. येथे तलवारी नाहीत, गड नाहीत; लेखकाने स्वतःस फार मोठ्याने बोलू दिलेले नाही. ‘तांबडी माती’ हा आखाड्याच्या जगातला. दादा कोंडके यांचे पडद्यावर पहिले पाऊल पडले ते याच चित्रपटात. भालजींनी नंतर आपल्या आत्मचरित्रासही ‘साधा माणूस’ असेच नाव दिले. ऐंशी वर्षांचे झाल्यावरही, १९८१ साली, त्यांनी ‘गनिमी कावा’ काढला.

चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींस १९९१ सालासाठी मिळाला. तोपर्यंत त्यांची नव्वदी उलटली होती. त्यांच्या कर्णास, पृथ्वीराजांस, तो १९७१ चा मिळाला होता. दुर्गाबाई खोटे यांस १९८३ चा, शांतारामांस १९८५ चा, त्यांच्या नारदास, राज कपूर यांस, १९८७ चा, आणि लताबाईंस १९८९ चा. ज्यांना त्यांनी भूमिका दिल्या ते आधी, आणि देणारा शेवटी. सरकारी सन्मानांची चाल अशीच असते. भालजींनी त्याबद्दल कुरकुर केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव प्रभाकर पेंढारकर यांनी माहितीपटांच्या क्षेत्रात काम केले, आणि ‘रारंगढांग’ ही कादंबरी लिहून मराठी साहित्यात आपले स्वतंत्र स्थान मिळविले. घरातील लेखणी अशी पुढच्या पिढीतही चालली.

जयप्रभेच्या आवाराची कथा भालजींबरोबर संपली नाही. जागेचा काही भाग आधीच विकला गेला होता. उरलेली वास्तू वारसा म्हणून राखावी की नाही, याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. ती वास्तूही विकली गेल्याचे २०२२ साली उघड झाले, तेव्हा कोल्हापुरातील चित्रपट कलावंत व तंत्रज्ञ साखळी उपोषणास बसले. त्यांत ज्यांनी भालजींस पाहिले होते असे वृद्ध होते, तसे ज्यांचा जन्म भालजींच्या मृत्यूनंतरचा आहे असे तरुणही होते. खासगी मालमत्तेच्या हक्काची बाजू आम्ही समजू शकतो. तरी ज्या जागी फाळक्यांनी बोलपट केला आणि भालजींनी राखेतून स्टुडिओ उभा केला, त्या जागेचा विचार केवळ चौरस फुटांत व्हावा, हे आम्हांस रुचत नाही.

चित्रपटांची स्थितीही फारशी बरी नाही. त्या काळच्या मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यास १९६४ साली झाली, तोवर पुष्कळशा फिती गुदामांत सडून गेल्या होत्या. जे वाचले त्यांतीलही बरेच २००३ सालच्या पुण्यातील आगीत गेले. अशा स्थितीत घरोघरी पडून असलेले कागद मोलाचे ठरतात. आपल्या सभासद कुटुंबांपैकी काहींचे आजोबा-पणजोबा कोल्हापूर सिनेटोनमध्ये किंवा जयप्रभेत कारकून, हिशेबनीस, गायक वा वादक म्हणून नोकरीस असण्याचा संभव आहे. त्यांच्या ट्रंकेत पगाराच्या पावत्या, चित्रणाच्या वेळची छायाचित्रे, जाहिरातीची पत्रके, चित्रगृहांत विकली जाणारी गाण्यांची पुस्तके असतील, तर ती वाळवी लागण्यापूर्वी संघाच्या कचेरीत आणून दाखवावीत. मूळ कागद परत केले जातील; आम्ही त्यांच्या प्रती घेऊन ठेवू. छायाचित्रामागे नावे लिहिलेली नसल्यास घरातील वडीलधाऱ्यांकडून ती आजच लिहवून घ्यावीत.